बसा हो खाली

बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली गोष्ट, काही वर्षांपूर्वीच्या एका डिसेंबरातली. रविवार, म्हणजे अख्खं उपनगर तिथे लोटलेलं. फाटकाबाहेर टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडून घेतलेल्या आवळ्याची तुरट चव जिभेवर होती, वनराणी या छोट्या आगगाडीच्या डब्यांतून पोरांचा कल्ला ऐकू येत होता आणि तळ्यापाशी पायडल बोटींसाठी रांग लागली होती. आई, माझा भाचा आणि मी रांगेत. जॅकेट द्यायला पन्नाशीचा एक माणूस होता. गळ्यात शिट्टी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तो जॅकेट नुसतं हातात देत नव्हता. प्रत्येकाचे पट्टे स्वतः ओढून बघायचा, क्लिपचा टक् असा आवाज आला की मगच पुढे सोडायचा. आईला म्हणाला, "आजी, पदर आतून घ्या. वरून घेतलात तर पट्टा घसरतो." भाच्याचं जॅकेट त्याने खांद्यांना धरून वर उचललं, तर ते थेट कानांपर्यंत आलं. ते काढून त्याने ढिगातून लहान माप शोधलं, घातलं आणि पुन्हा उचलून बघितलं, तेव्हा जॅकेटाबरोबर भाचाही वर उचलला गेला. "आता जा," म्हणाला.

तळं काही मोठं नव्हे. बोटी मात्र भरपूर, आणि सगळ्या एकाच वळणाकडे निघालेल्या. आमच्या पुढे एका बोटीत नवरा-बायको आणि त्यांची चार-पाच वर्षांची मुलगी होती. मागून कॉलेजातल्या वयाची तीन मुलं आली. काठ नजरेआड होताच त्यांनी जॅकेटाचे पट्टे सोडले आणि दिसेल त्या बोटीला धडक द्यायचा खेळ सुरू केला. त्याच वेळी पुढच्या बोटीतला नवरा फोटो काढायला उभा राहिला होता. धडक बसली. तो धप्पकन खाली बसला, बोट एका अंगाला कलली आणि पाणी उडून मुलीच्या मांडीवर आलं. घाबरून तिने आईला मिठी मारली. बोट सावरली. काठावरून शिट्टी वाजत राहिली, हात हलवून तो माणूस त्या मुलांना परत बोलावत होता. त्यांच्यातला एक हसत म्हणाला, "गुडघाभर पाणी आहे हो, काही होत नाही." मग काठाच्या दिशेने ओरडला, "पैसे भरलेत आम्ही!"

पैसे भरलेत आम्ही.

हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. धडकेचं मी समजू शकते, त्या वयात अंगात वारं शिरतं. त्या नवऱ्यानेही हसून "जाऊ द्या" म्हटलं, रविवारी कोण कुणाशी भांडत बसणार? त्याची बायको मात्र हसली नाही. उरलेला सगळा वेळ तिने मुलीच्या जॅकेटाचा मागचा पट्टा मुठीत धरून ठेवला होता. ती काही बोलली नाही. बोलली असती तर तीच भित्री ठरली असती, आणि शिट्टी वाजवणारा तो माणूस तर आधीच रसभंग करणारा ठरला होता. पाण्याची सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस तोच, आणि आपल्याला वाटतं की तिकिटाबरोबर आपण त्याचं तोंडही बंद करून घेतलं आहे. त्याने बोट द्यावी, हात धरून उतरवावं, जमलं तर फोटो काढून द्यावा, आणि गप्प बसावं.

मला त्याचा राग येत नाही, उलट त्याच्याबद्दल फार वाटतं. दिवसभर उन्हात उभं राहून तो एकच वाक्य म्हणत असतो, "बसा हो खाली." ऐकणारा रोज नवा, त्यामुळे त्याला रोज पहिल्यापासून सुरुवात. आणि ज्या दिवशी त्याचं ऐकलं म्हणून काही झालं नाही, त्या दिवशी काहीच झालं नाही म्हणून कुणाला त्याची आठवणही राहत नाही.

पाण्यावर कुणाची मजा त्याच्या एकट्याची राहत नाही. जमिनीवर मी उभी राहिले काय आणि बसले काय, शेजारच्याला फरक पडत नाही. बोटीत पडतो. बसलेल्या माणसाचं वजन तळाजवळ असतं. तोच उभा राहिला की वजन तेवढंच, पण उंचावर जातं, आणि मग जराशा कलातून सावरायलाही बोटीला जड जातं. जास्त माणसं चढली की बोट खाली बसते आणि काठ नि पाणी यांच्यातलं मुळातच वीतभर असलेलं अंतर चार बोटांवर येतं. त्यात सगळे एका अंगाला सरकले तर काठावरून पाणी आत शिरतं, आणि आत आलेलं पाणी एका जागी थांबत नाही. जिकडे कल तिकडे तेही धावतं आणि कल वाढवतं. याला वादळ लागत नाही, खोल पाणीही लागत नाही. तळ्याच्या बुडाशी गाळ असतो, पाणवनस्पतींची जाळी असते. साडी नेसलेली बाई अशा पाण्यात पडली तर पाय आधी साडीतच अडकतात. गुडघाभर पाण्याच्या भरवशावर राहणाऱ्याला यातलं काही वरून दिसत नाही.

नवल याचं वाटतं की हीच माणसं लोकलमध्ये किती शहाणी असतात. दादरला उतरणारा माटुंग्यालाच विचारायला लागतो, "दादर?" चौथ्या सीटवर टेकणाऱ्यासाठी तीन माणसं न सांगता सरकतात. धावत आलेल्याला आत ओढायला दारातून अनोळखी हात पुढे येतात. आपल्या अंगाच्या हालचालीचा दुसऱ्याला काय त्रास होईल, हे मुंबईच्या माणसाला हाडामांसात माहीत आहे. मग हाच माणूस बोटीत पाय ठेवताच कुठे हरवतो? मला वाटतं, लोकल ही आपली रोजची आणि बोट ही सुट्टीची. सुट्टी म्हणजे कुणाचंच ऐकायचं नाही, असं कुठेतरी मनात बसलेलं असतं.

माझी आजी अलिबागकडची. मुंबईहून माहेरी जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच. लाँचमध्ये ती कायम मधोमध बसायची, कडेच्या बाकावर कधीच नाही. आम्हा नातवंडांना वाऱ्यासाठी, फेसासाठी, हात पाण्याला लागतो का बघण्यासाठी कडेची जागा हवी असायची. आजी एका हाताने पिशवी आणि दुसऱ्या हाताने आमच्यापैकी जो वांड असेल त्याचं मनगट धरून ठेवायची. रामदास बोटीचं नाव तिने घेतलं की लाँचमधल्या इतर म्हाताऱ्या बायकाही गप्प व्हायच्या. १७ जुलै १९४७ ची सकाळ, रेवसला निघालेली बोट, काशाचा खडक आणि बुडालेली ६०० हून जास्त माणसं. रायगडाच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत आजही त्या दिवसाची गोष्ट सांगणारं घर सापडतं. आजीच्या सांगण्यात पाऊस असायचा, लाट असायची, पण ती थांबायची ती एकाच ठिकाणी. बोट कलली तशी माणसं भिऊन एका अंगाला धावली. हे सांगताना तिचा तळहात उताणा असायचा आणि मग ती तो एका बाजूला वळवायची. तेवढंच. पुढचं सांगायची नाही.

तो तळहात मला हल्ली गेटवेहून मांडव्याला जाताना फार आठवतो. हिवाळ्यात बंदरात कुरव पक्षी येतात, पांढरेशुभ्र, लाँचच्या मागे वाऱ्यावर तरंगत येणारे. लोक वेफर्सची पुडी फोडतात आणि कठड्याशी गर्दी करतात. एकाने दाणा उंच धरला, पक्ष्याने तो हातातून उचलला, की दहा मोबाइल वर आणि दुसऱ्या बाजूचे बाक रिकामे. लाँच मोठी असते, लगेच काही होत नाही. पण ती कलते, पायाखाली स्पष्ट जाणवेल एवढी कलते. मग सुकाणूपाशी उभा असलेला तांडेल मागे वळतो आणि खलाशी ओरडत येतो, "बसा, बसा, दोन्ही बाजूला बसा!" त्याच्या आवाजात चीड असते, आणि लोकांना ती उर्मटपणा वाटते. मी एकदा एका बाईंना म्हणताना ऐकलं, "जरा नीट बोलता येत नाही का यांना?" त्यांचं म्हणणं मला कळतं. पण इंजिनाचा धडधडाट, वारा आणि शंभर माणसांचा कलकलाट यातून आवाज पोचवायचा तर तो गोड कसा राहणार?

कोळ्यांच्या होडीवर तांडेलाचा शब्द म्हणजे शब्द. होडी ज्याची आहे तो नाखवा स्वतः होडीत असला तरी दर्यावर कुठे वळायचं, जाळं कधी ओढायचं, कोण कुठे बसायचं, हे तांडेल ठरवतो. वाद घालायचा तो धक्क्याला लागल्यावर. यात लहानमोठेपणा नाही. पाण्यावर वाद घालायला वेळच नसतो, हे पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून शिकलेलं शहाणपण आहे. आपण शहरातले लोक त्याच बंदरात, त्याच पाण्यावर जातो, पण हे एवढं एक तिथून उचलत नाही.

१८ डिसेंबर २०२४ नंतर काही दिवस उचललं होतं. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली. नीलकमलला ८४ प्रवासी आणि ६ खलाशी एवढ्यांची परवानगी होती, बोटीवर शंभराहून जास्त माणसं होती. १५ जीव गेले. त्याच वर्षीच्या जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल बुडाली होती, १२ मुलं आणि २ शिक्षिका. तिथेही बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं, आणि जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हतं. एक बंदर, एक बागेतलं तळं. समुद्राचा काय भरवसा म्हणून तळ्यावर निर्धास्त राहणाऱ्यांसाठी हरणी पुरेसं आहे. नीलकमलची धडक बाहेरून आली, आतल्या प्रवाशांचा त्यात काही दोष नव्हता. पण धडक कुणाच्याही चुकीने बसो, पाण्यात पडल्यावर अंगावर काय आहे एवढाच प्रश्न उरतो.

त्यानंतर गेटवेवर जॅकेट सक्तीचं झालं. पहिल्या काही आठवड्यांत मी लाँचने गेले तेव्हा सगळी लाँच नारिंगी होती, आणि माणसं एकमेकांचे पट्टे लावून देत होती. अनोळखी माणसं. एका आजोबांना क्लिप लागत नव्हती, समोरच्या तरुणाने गुडघ्यावर बसून ती लावून दिली. पुढे हळूहळू जॅकेटं मांडीवर आली, मग पाठीमागे उशीसारखी, मग बाकाखाली. कारणं मला ठाऊक आहेत आणि ती खोटी नाहीत. जॅकेटाला ओलसर, आंबूस वास येतो, आधीच्या माणसाचा घाम त्याच्यात असतो, उकाड्यात ते नकोसं होतं, फोटोत नवी साडी दिसत नाही. ज्यांच्या बोटी आहेत त्यांनी ती उन्हात वाळवावीत, धुवावीत. स्वच्छ जॅकेट देणं हाही माणसाचा मान राखणंच आहे. पण वास येतो म्हणून न घालणं मला पटत नाही. पाण्यात पडल्यावर घालू, असं म्हणणाऱ्याने एकदा पोहण्याच्या तलावात, गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून जॅकेटात हात घालून बघावेत. ते आधी तोंडावर येतं.

आणि बुडणारं माणूस ओरडत नाही. हे मला कळलं तेव्हा मी हादरले होते, कारण सिनेमांनी आपल्याला वेगळंच दाखवलं आहे, हात वर करून "वाचवा" म्हणणारं. प्रत्यक्षात तोंड पाण्याच्या पातळीला वरखाली होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, ओरडायचं कशाने? हात वर जात नाहीत, आधार शोधत दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबत राहतात. डोकं मागे, नजर शून्य. शेजारच्या बोटीतल्यांना वाटतं, पाण्यात खेळतंय. म्हणून गर्दीच्या तळ्यावर दुसऱ्याच्या पोरावरही नजर ठेवावी लागते. आणि दिसलंच कुणी, तर उडी मारण्याआधी दोर, वल्हं, रिकामा कॅन, जे तरंगेल किंवा पोचेल ते पुढे करावं. घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्यालाच खाली दाबतो. इंजिनाची बोट असेल तर इंजिन आधी बंद, कारण खाली पंखा फिरत असतो. लहान होडीत कडेवरून ओढून घ्यायला गेलं तर होडीच उलटायची, मागच्या टोकाकडून घ्यावं.

बोटींनी एकमेकींशी कसं वागायचं, याचेही रिवाज आहेत. समुद्रावर १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम मोठ्या जहाजांपासून छोट्या बोटींपर्यंत सगळ्यांना लागू आहेत. समोरासमोर आलात तर दोघांनीही आपल्या उजवीकडे वळायचं. रस्त्यावर आपण डावीकडून चालतो, त्यामुळे नवखा माणूस घाईत नेमका उलटा वळतो. वाट आडवी छेदत असेल तर ज्याला दुसरा आपल्या उजव्या हाताला दिसतो त्याने वाट द्यायची. मागून पुढे जाणाऱ्याने सांभाळून, अंतर ठेवून जायचं. आणि वेग. गेटवेसमोर स्पीडबोट सुसाट जाते, ती दिसेनाशी होते आणि मग तिची लाट येते. चालवणाऱ्याला ती कधी दिसतच नाही, ती पोचते मागच्या छोट्या होडीला. अनुभवी माणूस अशा वेळी होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लाटेकडे तिरकी वळवतो, कारण लाट कुशीवर घेतली तर होडी हेलकावते. पण मासे पकडत बसलेला, जाळं पाण्यात असलेला म्हातारा एवढ्यात वळवणार कशी? वेग कमी करणं हे त्या म्हाताऱ्याला ओळख नसताना केलेल्या नमस्कारासारखं आहे, आणि बंदरात रोज पन्नास वेळा ते राहून जातं.

आपल्याला हे जमत नाही असं मात्र मी म्हणणार नाही, कारण मी ते जमताना बघितलं आहे. पवईच्या तलावावर अनंत चतुर्दशीच्या रात्री. ढोल-ताशांनी कान बधिर झालेले असतात, गुलालाने चेहरे ओळखू येत नाहीत, दहा दिवस ज्याला डोळ्यांत तेल घालून सांभाळलं तो बाप्पा हातात असतो. काठाशी कार्यकर्ता हात पुढे करतो, "द्या इकडे, तुम्ही मागे थांबा." आणि माणसं देतात. तराफ्यावरच्या पोरांच्या हाती मूर्ती सोपवून मागे उभी राहतात. आत जाऊन स्वतःच्या हाताने विसर्जन करावं असं कुणाला वाटत नसेल? माझ्या वडिलांना दरवर्षी वाटायचं. तरी ते थांबायचे, ओल्या पाटाची वाट बघत. त्या काठावर कुणी म्हणत नाही की आम्ही वर्गणी भरली आहे. पाणी ओळखणाऱ्याच्या हाती आपली सगळ्यात लाडकी गोष्ट द्यायची, हे आपल्याला येतं. मग रविवारी त्याच माणसाने नुसतं बसा म्हटलं, तर आपला मान कुठे दुखावतो?

त्या दिवशी नॅशनल पार्कात बोट काठाला लागल्यावर आई त्या शिट्टीवाल्यांपाशी गेली होती. जॅकेट परत देताना म्हणाली, "तुम्ही ओरडता ते बरं करता हो." ते जरा गडबडले. बहुधा असं कुणी म्हणत नसावं. "काय करणार आजी, ऐकत नाहीत," म्हणाले आणि पुढच्या माणसाचे पट्टे ओढायला लागले. तेव्हापासून मीही बोलते. लाँचवर, तळ्यावर, कुठेही. "दादा, बसून घ्या ना, बोट हलते." कधी कुणी वाकडं तोंड करतं, कधी लगेच बसतं, बऱ्याचदा आणखी दोघं-तिघं माझ्या बाजूने बोलू लागतात, जणू कुणीतरी सुरुवात करायचीच वाट बघत होते. खलाशाच्या चेहऱ्यावरचा ताण तेवढ्याने उतरलेला दिसतो. ओरडणारा तो एकटा उरत नाही.

जानेवारीत आमच्या बिल्डिंगची सहल पवना धरणाच्या तलावावर जायची आहे. तंबू, शेकोटी, सकाळी बोटिंग. ग्रुपवर जेवणात पनीर की चिकन यावर शंभर निरोप झाले. बोटीत एका वेळी किती माणसं बसवतात आणि जॅकेटं किती आहेत, हे मी विचारलं तर पहिल्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, "मी पोहायला शिकलोय विहिरीत, मला नको." मी त्यांना वर जाऊन भेटायचं ठरवलं होतं, पण त्याआधी त्यांच्या सुनेनेच ग्रुपवर लिहिलं, "बाबा, नातू तुमचं बघून घालेल." आता ठरलं आहे की बोटीत बसणारा प्रत्येक जण जॅकेट घालेल, ज्याला नको असेल त्याने काठावर सामान सांभाळायचं, आणि बोटवाला सांगेल तेवढीच माणसं एका फेरीत. चार वर्षांखालची तीन मुलं आहेत आमच्याकडे. पायांमधून पट्टा येणारी लहान मापाची जॅकेटं तिथे मिळतात का, हे विचारायला उद्या सकाळी फोन करायचा आहे. नसतील तर इथून घेऊन जाऊ.